सांगलीतला ३३ बाय ६६ चा प्लॉट: आर्किटेक्टकडे जायच्या आधी एका घरानं काय काय तयारी केली

सांगलीत शामरावनगरच्या बाजूला माझ्या मावशीचं घर आहे. प्लॉट ३३ बाय ६६, म्हणजे बरोबर दोन गुंठे, २,१७८ स्क्वेअर फूट, रस्ता पूर्वेला. काकांनी नव्वदीत प्लॉट घेतला आणि पुढं पाच-सहा वर्षांत त्यावर वीटकामाचं लोडबेअरिंगचं (सगळा भार भिंतींवरच असलेलं) बसकं घर बांधलं. तेव्हा जोता रस्त्यापासून दीड फूट वर होता, आता रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत जोता आणि रस्ता एका लेव्हलला आलेत. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन फुटांच्या आसपास गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा या घरात फरशीवर दोन फूट पाणी होतं, २०२१ ला परत आलं. भिंतींना खालून ओल, कॉलम नाहीतच, त्यामुळं डागडुजीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. पाडून नवीन बांधायचं ठरलं.

घरात माणसं पाच. मावशी चौऱ्याहत्तरची, दोन्ही गुडघे गेलेले. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, वहिनी, पुण्यात नोकरी करणारी मुलगी आणि बारावीतला मुलगा. वहिनी दुपारी घरातच शिलाईचा क्लास घेतात, सहा-सात बायका येतात. मी आर्किटेक्ट नाही, साइटवर सिव्हिलची कामं बघतो, त्यामुळं घरचा माणूस म्हणून पहिला फोन मलाच. दादाचं म्हणणं एवढंच होतं की "चांगला आर्किटेक्ट सुचव, बाकी सगळं तो बघेल की." मी म्हटलं नाव सुचवतो, पण आधी थोडं थांब.

थांबायला सांगण्यामागं माझं कारण असं की प्लॉटची मापं, नियम, स्टील, सिमेंट, ऊन-वारा हे सगळं आर्किटेक्टला कळतं किंवा शोधता येतं, पण त्या जागेत पंचवीस-तीस वर्षं राहून जे कळलंय ते कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. ते घरच्यांनीच सांगायचं असतं आणि पहिल्या मीटिंगला ते कोण सांगत नाही, कारण त्यात काय सांगण्यासारखं आहे असं प्रत्येकाला वाटतं. मग तो बिचारा कुठल्याही प्लॉटवर बसेल असा प्लॅन काढून देतो आणि आपण म्हणतो आर्किटेक्टला कळलंच नाही.

आधी कागद, कारण तिथंच घोळ निघतो

हा भाग सांगलीत राहणाऱ्याला वेगळा सांगायला नको. या पट्ट्यात बरेच प्लॉट गुंठेवारीचे आहेत, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले, लेआउट मंजूर नसलेले. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, त्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट नियमित करून मिळत होते, २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. काकांनी त्यांच्या हयातीतच पैसे भरून प्लॉट नियमित करून घेतला होता, पण तो दाखला कुठं ठेवलाय हे कुणालाच माहीत नाही. तो मिळाला मावशीच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली. सोबत खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, जुन्या घराचा परवाना असं बरंच काय काय निघालं. सातबारावर मात्र अजून काकांचंच नाव, वारसनोंद झालेलीच नाही. परवान्याचा अर्ज मालकाच्या नावानं करायचा असतो आणि बँकेला कर्जासाठी टायटल साफ लागतं, म्हणजे हे आधी. तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज, नोटीस, फेरफार, त्यात दादाच्या पुण्यातल्या आत्याचं, म्हणजे काकांच्या बहिणीचं, हक्कसोडपत्र लागतंय का नाही यावर दोन वकिलांची दोन मतं, या सगळ्यात वेळ जातो, आणि तो वेळ ड्रॉइंग तयार झाल्यावर घालवण्यापेक्षा आधी गेलेला बरा.

दुसरं काम मोजणीचं. दादा म्हणत होता कशाला उगाच पैसे, ३३ बाय ६६ आहे हे सगळ्यांना माहितीये. सरकारी मोजणीचा अर्ज केला, मोजणीच्या नकाशाची क प्रत हातात आली आणि रुंदी निघाली पावणेबत्तीस. दक्षिणेकडच्या शेजाऱ्याचं कंपाउंड सव्वा फूट आत आलेलं, आणि तेही त्यांनी मुद्दाम केलेलं नाही, दोन्ही घरं बांधताना गवंड्यानं दोरी टाकून अंदाजानं लाइन काढली होती. आता लांबीभर धरलं तर साधारण ब्याऐंशी स्क्वेअर फूट होतात, एवढ्यासाठी शेजाऱ्याशी कोर्टकचेरी करायची नाही असं मावशीनं एका वाक्यात संपवलं, "पुरात त्यांच्याच गच्चीवर बसलो होतो आपण." म्हणजे डिझाइन पावणेबत्तीस धरूनच. ऐकायला सव्वा फूट काहीच वाटत नाही, पण दोन्ही बाजूंना जी मोकळी जागा सोडावी लागते ती वजा केली की घराची रुंदी जेमतेम एकवीस-बावीस फूट उरते, आणि त्यात सव्वा फूट म्हणजे पॅसेजमधून कपाट जातंय का नाही एवढा फरक. हे लाइनआउट टाकताना, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करताना, कळलं असतं तर नकाशा परत दुरुस्त करावा लागला असता.

पूररेषेचंही बघितलं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर धरून काढलेली आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा धरून. निळीच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. प्लॉट नकाशावर लाल रेषेच्याही बाहेर निघाला. दादा खूश झाला, पण घरात दोनदा पाणी आलेलंच आहे, मग नकाशा काय म्हणतो त्याचा फायदा परवान्यापुरता. इथं पाणी नदीचा काठ ओलांडून सरळ येत नाही, नाल्यातून मागं तुंबून येतं.

पाण्याची नोंद

माझ्या मते सगळ्या तयारीतलं सगळ्यात कामाचं हे निघालं. समोरच्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. आम्ही लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून आजच्या रस्त्यापासून ती रेघ किती उंच आहे ते मोजलं, २०२१ ची पण शेजारच्या मीटर बॉक्सच्या खुणेवरून काढली, आणि आत्ताच्या जोत्याची लेव्हल. तीन आकडे एका कागदावर. मग मी मावशीला विचारलं की पाणी आलं तेव्हा नक्की काय झालं ते सगळं सांग, तर तिनं सांगितलं ते मला स्वतःला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पाणी दारातून आलंच नाही पहिल्यांदा. रस्त्यावर घोट्याएवढंच पाणी होतं तेव्हा संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून वर आलं, म्हणजे ड्रेनेजची लाइन उलटी वाहिली. दुसरं, लाइट गेले ते पाण्यानं सॉकेट बुडाल्यावर, कारण सगळे पॉइंट खाली फुटाभरावर. आणि प्लायवूडचं किचन फुगून गेलं पण जुना कडप्प्याचा ओटा आणि मांडण्या धुवून परत वापरात आल्या. ही तीन वाक्यं मी तशीच्या तशी लिहून काढली. ड्रेनेजला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), खालच्या मजल्यावर सगळे पॉइंट चार फुटांवर आणि वायरिंग वरून स्लॅबमधून खाली उतरवलेलं, मेन डीबी (विजेचा मुख्य बोर्ड) वरच्या मजल्यावर, खालच्या किचनला प्लायवूड नाही, हे पुढं ड्रॉइंगमध्ये जसंच्या तसं आलं ते त्या कागदावरून.

मातीचं तेवढंच. सांगलीची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाकते आणि पावसात फुगते, त्यावर उथळ फुटिंग (पाया) ठेवलं की घराला तिरक्या भेगा पडणारच. माती परीक्षण आरसीसी कन्सल्टंटनं (पाया, कॉलम, स्लॅबचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरनं) सांगितल्यावर करायचं असतं, तो खर्च आधी करून ठेवायची गरज नाही, पण गेल्या चार-पाच वर्षांत आजूबाजूला ज्यांनी बांधलंय त्यांना जाऊन विचारता येतं की तुमचा खड्डा किती खोल गेला, मुरूम लागला का. दोघांनी सांगितलं दहा फुटांवरही काळीच माती होती, एकानं राफ्ट केलं (सगळ्या घराखाली एकच सलग स्लॅब), एकानं अंडररीम पाइल (जमिनीत खोल गेलेले, तळाशी फुगीर खांब). म्हणजे इथं फाउंडेशनचा खर्च साध्या घरापेक्षा जास्त धरायचा हे पैशाच्या गणितात आधीच आलं.

पैसे

दादाकडं साठ लाख, त्यात कर्ज धरून. आणि त्याच्या डोक्यात घर २,४०० फुटांचं. हा आकडा कुठून आला तर कुणीतरी त्याला सांगितलं की मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१ आहे, २,१७८ गुणिले १.१ म्हणजे जवळपास २,४००, मग तेवढं बांधायचंच, सोडायचं कशाला. ही आपल्याकडची जुनी खोड आहे, एफएसआय म्हणजे जास्तीत जास्त एवढं बांधता येईल, एवढं बांधलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.

मी त्याला वहीत उलटं गणित करायला लावलं. साठातून सहा लाख बाजूला, ते कशासाठी हे विचारायचं नाही, बांधकामात लागतातच. फर्निचर, पंखे-दिवे, पडदे सात. आर्किटेक्ट, आरसीसीवाला आणि महापालिकेचे चार्जेस मिळून साडेतीन, त्यात आर्किटेक्ट जीएसटी नोंदणीचा असेल तर फीवर १८ टक्के आणि तेव्हा दहा लाखांवरच्या घराला लागत असलेला एक टक्का कामगार उपकर हे लोक विसरतात. पाडकाम, सामान हलवणं आणि बांधकाम चालू असताना भाड्याचं घर दीड. कंपाउंड, पाण्याची टाकी, बोअर दोन. काळी माती आणि उंच जोता यांचा जादा खर्च तीन. झाले तेवीस. उरले सदतीस, आणि त्या वेळी कॉन्ट्रॅक्टर मटेरियलसकट फुटाला २,२०० सांगत होते, म्हणजे १,७०० फुटांच्या आत-बाहेर घर. २,४०० फूट त्या दरानं नुसत्या बांधकामालाच पावणेत्रेपन्न लाख होतात. दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

पण हा आकडा आर्किटेक्टला खरा सांगायचा. आपल्याकडं लोक मुद्दाम कमी सांगतात, म्हणजे वाढलं तरी चालेल असं, किंवा सांगतच नाहीत, "तुम्ही काढा प्लॅन, पैशाचं बघू." मग २,४०० फुटांचा सुंदर प्लॅन येतो, सगळ्यांना आवडतो, कोटेशन येतं आणि त्यातनं एकेक खोली कापत जायचं. त्या कापलेल्या घरात राहणं म्हणजे मोठ्या भावाचा शर्ट आल्टर करून घालण्यासारखं.

घरातली भांडणं

ही आधी व्हायला पाहिजेत, आर्किटेक्टच्या ऑफिसात नाही. तिथं नवरा-बायको समोरासमोर भांडायला लागले की तो माणूस दोघांना बरं वाटेल असं काहीतरी मधलं काढतो आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

मी प्रत्येकाला वेगळं बसवून त्याचा रोजचा दिवस लिहायला सांगितला, सकाळी उठल्यापासून. घर कसं पाहिजे ते लिहू नका, दिवस लिहा. मुलानं चार ओळी लिहिल्या. वहिनींनी दोन पानं. त्यात असं की नळाला पाणी सकाळी लवकर येतं ते भरायचं कोण आणि कुठं, वर्षाची ज्वारी-गहू कणग्यांमध्ये कुठं राहणार, पावसाळ्यात कपडे कुठं वाळणार (सध्या हॉलमध्ये दोरी), उन्हाळ्यात कुरडया-पापडाला गच्चीवर जाताना जिना किती अरुंद आहे, आणि क्लासच्या बायका येतात तेव्हा त्या हॉलमधून आत येतात म्हणून मावशी दुपारी हॉलमध्ये आडवी होऊ शकत नाही. हे शेवटचं मावशीनं कधीच बोलून दाखवलं नव्हतं, वहिनींना बघून कळलं होतं. गौरी-गणपतीला बारा-पंधरा माणसं मुक्कामाला असतात हे पण त्यात होतं, पण त्यासाठी वेगळी गेस्ट बेडरूम पाहिजे हा दादाचा हट्ट मात्र त्याच पानावर मोडला, कारण वर्षातले तीन दिवस माणसं असतात आणि बाकीचे दिवस ती खोली बंद राहणार.

मुलीनं पुण्यावरून फोटो पाठवले, मोबाइलमध्ये साठवलेले, तीनशेच्या वर. मी तिला म्हटलं फक्त बारा ठेव आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिही की यात तुला काय आवडलं. तिनं लिहिलं तेव्हा तिचं तिलाच दिसलं की बारापैकी सात फोटोंत तिला सोफा-टीव्ही काही नको होतं, खिडकीत बसायची जागा आणि सकाळचं ऊन पाहिजे होतं. ते सात पुरे. दादाचा एक फोटो होता, दुबईसारखं काचेचं एलिव्हेशन, म्हणजे घराची बाहेरची बाजू. आमच्याकडं मागची बाजू पश्चिमेला, एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर तिकडून जे ऊन येतं त्यात काच म्हणजे घरात भट्टी. मी काही बोललो नाही, म्हटलं हा फोटो ठेव, आर्किटेक्टच सांगतील.

वास्तूचं मी मुद्दाम आधी काढलं. आम्हाला वास्तू मानायची नाही असं दादा म्हणतो, पण प्लॅन तयार झाल्यावर मावशी कुणालातरी दाखवणार आणि तो चार बदल सांगणार हे लिहून ठेवल्यासारखं होतं. मग मावशीला विचारलं, कुठल्या गोष्टी तुला हव्यातच? तिनं तीनच सांगितल्या. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, ईशान्येला संडास नको. बाकीचं चालेल. तीन गोष्टी कुठलाही आर्किटेक्ट बसवून देतो, पण त्याला सुरुवातीला सांगितल्या तर.

आता खरा पेच, जो आम्हाला सुटलाच नाही आणि सुटायला पाहिजे असंही नव्हतं. पुरासाठी जोता उंच पाहिजे, आजच्या रस्त्यापासून किमान साडेतीन फूट, कारण रस्ता अजून चढणारच. आणि मावशीचे गुडघे. तिला खालीच राहायचंय, अंगणात तुळस, येणारी-जाणारी माणसं, वर मी जाणार नाही म्हणजे नाही. रॅम्प करू म्हटलं तर व्हीलचेअरचा रॅम्प एकास बारा धरतात, साडेतीन फुटाला बेचाळीस फूट लांबी, वर मध्ये थांबायची सपाट जागा वेगळी. सहासष्ट फुटांच्या प्लॉटवर. पायऱ्या म्हणाव्यात तर किती इंचाची पायरी तिला झेपते? हे मात्र मोजता येण्यासारखं होतं. ती कुठं कुठं आपणहून चढते त्या पायऱ्या टेपनं मोजल्या, तिच्या भजनी मंडळाच्या देवळाची पायरी सव्वापाच इंच निघाली आणि तिथं ती कठड्याला धरून रोज चढते, माझ्या घरची सात इंचाची आणि तिथं तिला हात द्यावा लागतो. कागदावर लिहिलं: सव्वापाच इंच चालते, सात नाही. उत्तर आम्ही लिहिलं नाही.

आर्किटेक्ट निवडणं

तिघांना भेटलो. एक जण खरं म्हणजे सिव्हिल इंजिनिअर, फुटावर दर, "प्लॅन पास करून देतो, काळजी करू नका." त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, परवाना असलेला इंजिनिअर नकाशा दाखल करू शकतो आणि साध्या घराला अनेकदा तेवढं पुरतं. पण १९७२ च्या कायद्यानं आर्किटेक्ट हे नाव लावायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते, सीए, मग वर्ष, मग नंबर असा तो क्रमांक असतो आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. विचारायला लाजू नये, डॉक्टरच्या भिंतीवर डिग्री बघतोच की आपण.

नवीन झालेली घरं सगळेच दाखवतात. आम्ही चार-पाच पावसाळे बघितलेलं घर दाखवा म्हटलं. एकानं टाळलं. ज्यांना आम्ही शेवटी निवडलं त्या आर्किटेक्ट मॅडमनी मिरजेतलं एक दाखवलं, तिथल्या काकूंनी चहा देता देता सांगितलं की टेरेसच्या कोपऱ्यात एकदा गळलं होतं, मॅडमनी स्वतः येऊन कॉन्ट्रॅक्टरकडून वॉटरप्रूफिंग परत करून घेतलं. मला हे "काहीच प्रॉब्लेम आला नाही" पेक्षा बरं वाटलं.

फी ठरवताना आकड्यापेक्षा फीमध्ये काय येतं हे विचारलं. आरसीसी डिझाइन धरून का वेगळं, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचे नकाशे मिळणार का, इंटेरियर यात आहे का, कन्सेप्ट किती वेळा बदलून मिळेल, साइटवर कुठल्या कुठल्या टप्प्याला येणार. लाइनआउट, फुटिंग, प्लिंथ (जोता), प्रत्येक स्लॅबचं स्टील आणि प्लास्टरच्या आधी पॉइंटचं मार्किंग, एवढ्या भेटी त्यांनी लिहून दिल्या. रोजची देखरेख हे आर्किटेक्टचं काम नसतं हे दादाला इथं पहिल्यांदा कळलं, तो समजत होता मॅडम रोज गवंड्याच्या मागं उभ्या राहणार. पैसे टप्प्याटप्प्यानं, सगळं एका पत्रावर, दोघांच्या सह्या. घरातून निरोप कोण देणार हे पण त्यात घातलं, फक्त वहिनी. दादानं परस्पर फोन करून खिडकी हलवायची नाही.

पहिली मीटिंग आणि पुढं

मॅडमनी फाइल चाळली, पाण्याच्या कागदावर थांबल्या, आणि पुढचा अर्धा तास मावशीशीच बोलत होत्या. २,४०० फूट, काच, गेस्टरूम यातलं काही निघालंच नाही, कारण ते घरातच मिटलेलं होतं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, खाली नुसतं पार्किंग ठेवून सगळं घर वर नेलं तर? लिफ्ट लावू. मावशी म्हणाली, "लिफ्ट बंद पडली की मी अडकले, आणि पुरात लाइट पहिल्यांदा जातात." मॅडम हसल्या आणि तो पर्याय त्यांनी तिथंच बाजूला ठेवला.

जे आलं ते असं. साडेतीन फूट म्हणजे बेचाळीस इंच, त्याच्या सव्वापाच इंचाच्या बरोबर आठ पायऱ्या. त्या सलग न घेता चार पायऱ्या, मग बसता येईल एवढा कट्टा, मग चार, दोन्ही बाजूंना रेलिंग, आणि कट्ट्याला लागूनच तुळस, म्हणजे मावशीला अंगणात जायला निम्मंच उतरायचं. मावशीची खोली खाली, पण वर जिन्याला लागून एक छोटी खोली आणि संडास-बाथरूम असं की पाणी चढायला लागलं की तिला वेळेत वर नेता येईल आणि पुढं कधी कायमचं वर राहायची वेळ आली तरी चालेल. आतल्या जिन्याचीही पायरी सहाच इंचांची धरली. मजल्याची उंची दहा फूट, सात इंची पायऱ्या सतरा झाल्या असत्या, सहा इंची वीस होतात, जिना चारेक फूट जास्त पळतो आणि ती जागा पॅसेजमधून गेली. शिवाय जिन्याशेजारी पाच बाय पाचची एक कोठी आहे, खाली आणि वर बरोबर एकावर एक, मधल्या स्लॅबचा तेवढा तुकडा असा डिझाइन केलाय की उद्या तोडून लिफ्ट बसवता येईल, आज तिथं ज्वारीच्या कणग्या. क्लासची खोली पुढच्या कोपऱ्यात, तिला बाहेरून दार. जोत्यात भरायला साधारण नऊशे फुटांचा तळ गुणिले साडेतीन, म्हणजे दाबून बसलेला साडेएकतीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम, टाकायला त्याहून जास्त लागतो, ते पैसे आपण धरलेच होते.

एकूण १,७४० फूट झालं. दादानं पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग टेप घेऊन रिकाम्या अंगणात चुन्यानं हॉल आखून बघितला आणि गप्प बसला. हे मात्र सगळ्यांनी करावं, नकाशावरचा बारा बाय सोळा आणि पायाखालचा बारा बाय सोळा यात बराच फरक वाटतो.

परवान्याचं फार सांगण्यासारखं काही नाही. राज्याची एकत्रीकृत नियमावली, ज्याला सगळे युडीसीपीआर म्हणतात, ती डिसेंबर २०२० मध्ये आली, त्यात दीडशे ते तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटला कागद साफ असले आणि आर्किटेक्टनं प्रमाणित केलं की दहा दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे. आमचा प्लॉट त्यातच बसतो. वारसनोंद, मोजणी, गुंठेवारीचा दाखला आधीच तयार होता म्हणून त्रुटीची यादी छोटी आली, एक घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला तेवढा राहिला होता.

कन्सेप्ट किती वेळा बदलला म्हणाल तर मोठा बदल एकदाच, तोही मुलानं सुचवलेला, दुचाकी तीन आहेत आणि गाडी बाहेर काढताना रोज दोन हलवायला लागणार म्हणून गेट मध्यावरून हलवून कडेला नेलं. आरसीसीवाल्यानं मातीचा रिपोर्ट बघून पाइल घ्यायला लावले, फाउंडेशनला तीन धरले होते तिथं साडेचार लाख गेले, दीड लाख बाजूला ठेवलेल्या सहामधून आले.

सध्या जोत्यापर्यंत काम आलंय आणि प्लिंथ चेकिंग झालंय. क्लासच्या खोलीला वेगळं लाइट मीटर घ्यायचं का घरच्याच मीटरवर चालवायचं यावर दादा आणि वहिनींचं अजून एकमत नाही. मॅडमनी सांगून टाकलंय की तो विषय महावितरणच्या ऑफिसात जाऊन विचारा, मी दोन्हीसाठी पाइप टाकून ठेवते.